न्यायमूर्तींची बदली आणि सक्करदऱ्याचा बाजार

४ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात न्यायमूर्ती रोहित देव यांनी भर न्यायालयात आपला राजीनामा जाहीर केला. स्वाभिमानाविरुद्ध जाऊन काम करणे शक्य नाही, असे त्यांनी उपस्थित वकिलांना सांगितले, कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा मागितली आणि आसन सोडले. पुढे वार्ताहरांनी विचारले तेव्हा कारण वैयक्तिक असल्याचे उत्तर मिळाले. स्वाभिमानाला धक्का कोणी दिला, कोणत्या कागदाने दिला, हे नागपूरकरांना अधिकृतपणे कधीच कळले नाही.

सिव्हिल लाइन्समधील त्या दगडी इमारतीपासून सक्करदरा फार दूर नाही. तरीही सक्करदऱ्यासारख्या वस्तीत अशी बातमी एक दिवस चघळली जाते आणि ‘हा मोठ्या लोकांचा मामला’ म्हणून सोडून दिली जाते. पक्षाचे कार्यकर्तेही त्याला अपवाद नाहीत. भाववाढ, बेकारी, घरपट्टी यांवर मोर्चा निघतो. न्यायमूर्तींच्या बदलीवर निघत नाही. हे स्वाभाविक असले तरी बरोबर नाही. सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात पाल टाकून बसणाऱ्या भाजीवालीला २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने एक हक्क दिला आहे : सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत तिला जागेवरून उठवता येत नाही. महापालिकेचे पथक तिची हातगाडी उचलून नेते, तेव्हा या कलमाचा उच्चार करणारा कोणी तरी न्यायाधीशच असतो. नगरसेवक, कंत्राटदार, पोलीस ठाणे हे सारे ज्याच्या विरुद्ध बाजूला उभे आहेत, अशा माणसाला न्यायाधीशाच्या निर्भयतेखेरीज दुसरा आधार नसतो. श्रीमंताला न्यायाधीश भित्रा निघाला तरी चालते. त्याच्यापाशी इतर मार्ग असतात.

न्यायमूर्ती देव यांच्या दोन आदेशांची आठवण या संदर्भात करावी लागते. त्यांच्या खंडपीठाने १४ ऑक्टोबर २०२२ रोजी प्रा. गो. ना. साईबाबा व इतरांची निर्दोष मुक्तता केली. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन त्या निकालाला स्थगिती दिली. एप्रिल २०२३ मध्ये निकाल रद्द होऊन प्रकरण नागपूरला परत आले आणि ५ मार्च २०२४ रोजी दुसऱ्या खंडपीठाने पुन्हा निर्दोष मुक्तताच केली. साईबाबा त्यानंतर जेमतेम सात महिने जगले. दुसरा आदेश जुलै २०२३ च्या अखेरचा. समृद्धी महामार्गाच्या कामात गौण खनिजांचे अवैध उत्खनन केल्याबद्दल कंत्राटदारांवर सुरू झालेल्या दंडाच्या कारवाया मागे घेण्याचा मार्ग मोकळा करणाऱ्या शासन निर्णयाला त्यांनी स्थगिती दिली. या आदेशांचा राजीनाम्याशी संबंध होता, असे म्हणायला पुरावा नाही. संबंध नव्हता असे ठामपणे सांगण्याइतकी माहितीही जनतेपुढे ठेवलेली नाही. जिथे कारण सांगितले जात नाही, तिथे प्रत्येक उरलेला न्यायाधीश आपापले कारण मनाशी जुळवत बसतो. दहशतीचे काम एवढ्यानेच भागते.

आणीबाणीतील अनुभव याहून उघड होता. मिसाखाली डांबलेल्यांना न्यायालयाचे दार ठोठावण्याचा अधिकार आहे, असे ज्या उच्च न्यायालयांनी सांगितले, त्यांत नागपूर खंडपीठ होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ते सारे निकाल फिरवले. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना डावलून जानेवारी १९७७ मध्ये कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले. त्याच काळात उच्च न्यायालयांच्या सोळा न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या. मुंबईचे न्यायमूर्ती विमादलाल आंध्र प्रदेशात गेले. गुजरातचे न्यायमूर्ती सांकळचंद शेठही तिकडेच पाठवले गेले, पण त्यांनी आपल्याच बदलीविरुद्ध दावा लावण्याचे धैर्य दाखवले. मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायमूर्ती उमेश रंगनाथ लळीत यांना राजद्रोहाच्या खटल्यातील तरुणांना जामीन दिल्यानंतर कायम करण्यात आले नाही. त्यांचे पुत्र २०२२ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, हा इतिहासाचा एक विनोद. पण लळीतांच्या उदाहरणाने इतर अतिरिक्त न्यायमूर्तींना त्या काळी जो धडा मिळाला, तो पुसला गेला नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही दहशत सत्तेला फार स्वस्त पडते. गुंड पाठवावा लागत नाही, पैसा मोजावा लागत नाही, रक्त सांडत नाही. एका फाईलवर एक सही होते. किंमत मात्र सारी न्यायाधीशाच्या बाजूला पडते : मुलांची शाळा, वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी, परक्या प्रांतातली अनोळखी भाषा. घटनाकारांना हे पैशाचे अंग चांगले ठाऊक होते. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन त्यांनी संचित निधीवर भारित ठेवले, म्हणजे विधिमंडळाच्या मतदानाच्या कक्षेबाहेर ठेवले. नेमणुकीनंतर त्यांच्या सेवाशर्ती त्यांच्या तोट्याच्या दिशेने बदलता येणार नाहीत अशी तरतूद केली. पोटावर पाय देण्याची वाट बंद झाली. उघड्या राहिल्या त्या दोन फटी. एक, अनुच्छेद २२२ खालची बदली. दुसरी, अनुच्छेद २२४ खालचे दोन वर्षांचे अतिरिक्त न्यायमूर्तिपद. ते साचलेल्या कामासाठी होते, त्याची पुढे उमेदवारी झाली. दोन वर्षांनी कायम होऊ की नाही या चिंतेत बसलेला माणूस सरकारविरुद्धच्या अर्जावर कोणत्या मनाने सही करील?

१९९३ नंतर नेमणुका व बदल्यांची सूत्रे मंत्रालयाकडून ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या निवडमंडळाकडे गेली. २०१५ मध्ये सरकारने ती परत खेचण्याचा केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला आणि ते योग्यच झाले. पण फाईल या खोलीतून त्या खोलीत गेली म्हणून तिची फीत सुटली असे नाही. ‘न्यायदानाच्या अधिक चांगल्या व्यवस्थेसाठी’ हे एकच वाक्य बदलीच्या आदेशांत वर्षानुवर्षे फिरत राहिले आहे. कारखान्यातल्या कामगाराला असे मोघम कारण देऊन हलवले तर युनियन मालकाला जाब विचारते.

येथे एक अवघड उदाहरण टाळता येणार नाही. नागपूर खंडपीठाच्याच अतिरिक्त न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी जानेवारी २०२१ मध्ये बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचा लावलेला अर्थ चुकीचा आणि घातक होता. सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी नोव्हेंबरात रद्द केला. कायद्याच्या राज्यात चुकीच्या निकालावर हाच उपाय असतो. परंतु त्यांना कायमही करण्यात आले नाही, त्यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये राजीनामा दिला, आणि निवृत्तिवेतनासाठी उच्च न्यायालयात जाऊन २०२५ मध्ये ते मिळवावे लागले. त्या निकालाने संतापलेल्या पुरोगामी मंडळींना यात समाधान वाटले असेल. त्यांनी एवढेच आठवावे, की लळीतांना घरी बसवणारे हत्यार हेच होते. आपल्याला न आवडणाऱ्या न्यायमूर्तीवर ते चालले तेव्हा त्याची धार तपासण्याचे भान ठेवले, तरच आवडणाऱ्या न्यायमूर्तीसाठी बोलण्याचा अधिकार राहतो.

हा हल्ला परतवता येत नाही असे मात्र नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर, शांतता क्षेत्रांतील ध्वनिवर्धकांच्या प्रकरणात राज्य सरकारने न्यायमूर्ती अभय ओक यांच्यावर पूर्वग्रहाचा आरोप केला आणि प्रकरण त्यांच्याकडून काढून घेण्याची मागणी केली. प्रकरण काढूनही घेतले गेले. मुंबईचे वकील खवळून उठले, त्यांच्या संघटनांनी उघड निषेध केला, आणि थोड्याच दिवसांत न्यायमूर्ती ओक यांचा समावेश असलेल्या पूर्णपीठापुढे प्रकरण आले. सरकारने बिनशर्त माफी मागितली. वकिलांनी त्या दिवसांत जे केले ते कोणत्याही राजकीय पक्षाने केले नव्हते, ही गोष्ट पक्षांच्या दृष्टीने भूषणाची नाही.

पक्षाच्या स्वतःच्या वर्तनाकडेही पाहावे लागेल. न्यायसंस्थेवर टीका करण्याचा डाव्यांचा हक्क जुना आहे. न्यायालये वरिष्ठ वर्गाच्या बाजूला झुकतात असे म्हटल्याबद्दल केरळचे मुख्यमंत्री नंबुद्रिपाद यांना एक हजार रुपये दंड झाला होता. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पन्नास रुपयांवर आणला. ती टीका होती. खटला सुनावणीस असताना न्यायाधीशाच्या घरापुढे घोषणा देणे, त्याची जात काढणे, निकालाआधी ‘बघून घेऊ’ म्हणणे ही टीका नव्हे. ज्यांनी नागपूर खंडपीठात वकिली केली त्या सरन्यायाधीश भूषण गवई यांच्यावर ६ ऑक्टोबर २०२५ रोजी भर न्यायालयात जोडा फेकण्याचा प्रयत्न एका वकिलाने केला. तो माथेफिरूपणा होता म्हणून सोडून देणे सोपे आहे, पण त्यानंतर समाजमाध्यमांवर त्याचे कौतुक करणारे वेडे नव्हते. तसेच न्यायाधीश लोया यांच्या १ डिसेंबर २०१४ रोजी नागपुरात झालेल्या मृत्यूचे. तो नैसर्गिक होता असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये दिला आहे. नवा पुरावा हाती नसताना सभेत टाळ्यांसाठी त्याचा वापर करणे थांबले पाहिजे.

उच्च न्यायालयाविषयी निदान बोलले तरी जाते. दंडाधिकाऱ्याला आणि कामगार न्यायालयातल्या न्यायाधीशाला विचारतो कोण? झारखंडमधील धनबादचे न्यायाधीश उत्तम आनंद यांना जुलै २०२१ मध्ये सकाळी फिरायला गेले असता रिक्षाने उडवून मारले, तेव्हा देश क्षणभर जागा झाला आणि दाराशी पोलीस बसवण्याच्या मागणीवर थांबला. पण तो पोलीस ज्या गृहखात्याचा, त्याच खात्याविरुद्धचा अर्ज आत चालू असतो. बंदोबस्त हवाच, तो देण्याचा व काढण्याचा अधिकार उच्च न्यायालयाच्या हाती हवा. बदलीचे कारण लेखी आणि प्रसिद्ध हवे. अतिरिक्त न्यायमूर्तिपदाची उमेदवारी बंद होऊन पहिल्याच दिवशी कायम नेमणूक हवी. निवृत्तीनंतर काही वर्षे सरकारी पद नको, कारण भीती जे करू शकत नाही ते आशा करते.

डिसेंबरात अधिवेशनासाठी मंत्रिमंडळ नागपुरात असते आणि विधानभवन उच्च न्यायालयापासून जवळच आहे. अनुच्छेद २११ नुसार न्यायमूर्तींच्या वर्तनाची चर्चा सभागृहात करता येत नाही. नागपूर जिल्ह्यात कनिष्ठ न्यायाधीशांची किती पदे रिकामी आहेत, किती जणांना निवासस्थान नाही, बंदोबस्ताचे किती अर्ज गृहखात्याकडे पडून आहेत, हे विचारायला मात्र कोणाचीच आडकाठी नाही. सक्करदऱ्याच्या शाखेने हे तीन प्रश्न लिहून आपल्या भागातील आमदाराच्या हाती, तो कोणत्याही पक्षाचा असो, अधिवेशनाआधी द्यावेत आणि मिळालेले उत्तर बुधवारी बाजारात वाचून दाखवावे.