नातवाच्या मोबाइलमधला गोळीबार

लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत शिकवणीच्या मुलांसाठी भाड्याने दिलेल्या खोल्यांना तोटा नाही. नीट आणि जेईईच्या तयारीसाठी खेड्यापाड्यांतून आलेली मुले त्यांत राहतात आणि त्यांच्या जेवणाखाण्याची काळजी घेण्यासाठी पुष्कळदा आजी किंवा आजोबा घरदार मागे ठेवून सोबत येतात. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, तर रात्रीचा एक प्रसंग तुमच्या परिचयाचा असेल. दिवा मालवलेला आहे. नातू पांघरुणात आहे आणि मोबाइलमधून गोळीबाराचा बारीक आवाज येतो आहे. ‘मार, मार त्याला,’ असे तो दबक्या स्वरात कोणाला तरी सांगतो आणि तुमच्या काळजात धस्स होते. हे पोर उद्या खरोखरच कोणावर हात उगारणार नाही ना?

ही भीती एकट्या तुमची नाही. 2019 साली 11 वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली होती. ‘पबजी’सारखा खेळ हिंसेला उत्तेजन देतो, शाळांतून त्यावर बंदी असावी, अशी त्याची मागणी होती. जगभर हा वाद गेली कित्येक वर्षे चालू आहे. त्यावरील संशोधनाचा आढावा घेऊन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये आपली भूमिका स्पष्ट केली. असे खेळ आणि ओरडणे, ढकलाढकली यांसारखे आक्रमक वागणे यांत थोडा संबंध दिसतो. परंतु गंभीर हिंसेचे खापर या खेळांवर फोडण्याइतका पुरावा नाही, असे तिने म्हटले. तेव्हा नातवाकडे होऊ घातलेला गुन्हेगार म्हणून पाहू नका. ती नजर मुलांना फार लवकर कळते, आणि एकदा कळली की ती आपल्याशी बोलेनाशी होतात.

मग काळजीचे कारणच नाही का? आहे, पण ते दुसरीकडे आहे. नांदेडच्या शेजारी असलेल्या हिंगोलीत मार्च 2019 मध्ये रेल्वेरुळांजवळ दोन तरुणांचा गाडीखाली सापडून मृत्यू झाला. ते ‘पबजी’ खेळण्यात गुंग होते, असे त्या वेळच्या बातम्यांत सांगितले गेले. त्यांनी कोणावर हात उगारला नव्हता. जवळ आलेल्या गाडीचे भान मात्र त्यांना राहिले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा विकार आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घातला, तोही रक्तपात पाहून नव्हे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणे, ही त्याची लक्षणे आहेत. ती साधारणपणे वर्षभर टिकली, तरच हे निदान केले जाते. चार दिवस जास्त खेळला म्हणून मूल आजारी ठरत नाही.

सरकार काय करते, असे तुम्ही विचाराल. आपल्या तरुणपणी ‘शोले’ पडद्यावर आला तो सेन्सॉर मंडळाची कात्री लागून. मोबाइलवरच्या खेळांसाठी तसे मंडळ आपल्याकडे नाही. 2 सप्टेंबर 2020 रोजी ‘पबजी’वर बंदी आली, पण तिचे कारण देशाची आणि माहितीची सुरक्षितता हे होते. पुढे 2021 मध्ये तोच खेळ नव्या नावाने आला, तेव्हा रक्ताचा रंग लाल ऐवजी हिरवा झाला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेला कायदा मुख्यतः पैसे लावून खेळण्याच्या खेळांना आवर घालतो. 18 वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा त्या नव्या खेळाने घातली खरी. परंतु मोबाइल आजोबांचा, खाते आजोबांच्या नावाचे आणि वयही आजोबांचे, मग ती मर्यादा लागू व्हायची कशी? पालकाच्या संमतीचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर आला, तर तो कशासाठी आहे हे विचारल्याशिवाय सांगू नका.

त्या खोलीत रात्री तुम्हीच असता. म्हणून काही गोष्टी तुमच्याच हाती आहेत. मोबाइल एकदम हिसकावून घेऊ नका. हा खेळ चौघांच्या संघाने खेळता येतो आणि एक डाव सुमारे अर्धा तास चालतो. मध्येच उठणारा मुलगा सोबत्यांच्या शिव्या खातो. ‘हा डाव संपला की बंद,’ असे आधी ठरवा आणि ठरले ते पाळायला लावा. किशोरवयीन मुलाला 8 ते 10 तास झोप लागते. म्हणून रात्री मोबाइलचे चार्जिंग तुमच्या उशाशी असावे. त्याच्या आईवडिलांनाही हा नियम मान्य असू द्या, म्हणजे वाईटपणा एकट्या तुमच्याकडे येणार नाही. दिवसा एकदा त्याच्याजवळ बसा आणि ‘दाखव बरे, यात काय करतात,’ असे म्हणा. तो कोणाबरोबर खेळतो, पैसे खर्च करतो का, परीक्षेत गुण कमी पडले की अधिक खेळतो का, हे दरडावून विचारण्यापेक्षा अशा बसण्यातून लवकर उमगते. घर सोडून आलेल्या मुलाला त्या खेळात कधी कधी फक्त सोबत हवी असते.

जेवण सुटले, शिकवणी बुडू लागली, मोबाइल मागताच तो अंगावर धावून आला, तर वाट पाहू नका. नांदेड आणि लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. 14416 या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. ‘मला जगायचे नाही’ असे तो चिडून म्हणाला, तरी ती धमकी समजू नका. त्याला एकटे सोडू नका आणि लगेच फोन करा.

आणि तुमचे काय? त्याच्या जागरणाबरोबर तुमचेही जागरण होते, रक्तदाबाची गोळी चुकते, सकाळी डोके जड होते. रात्रीच्या नियमाची गरज तुम्हालाही तितकीच आहे, हे त्याला मोकळेपणाने सांगा. आजीची झोप आपल्यामुळे मोडते, हे पुष्कळ मुलांच्या लक्षातच आलेले नसते.