एक प्रत वेगळी असावी

२७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज एकाएकी ठप्प झाले. संप नव्हता, की वादळ नव्हते. टर्मिनल चालविणाऱ्या मर्स्क समूहाच्या संगणकांत ‘नॉटपेट्या’ हा विषाणू शिरला होता. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमार्फत तो पसरला होता. त्यापायी मर्स्कला दहा दिवसांत सुमारे ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

या प्रकरणातील एक गोष्ट उद्बोधक आहे. समूहाच्या जाळ्याची मूळ नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरच्या अनेक प्रती होत्या. परंतु त्या परस्परांना जोडलेल्या असल्यामुळे एकदमच नष्ट झाल्या. वाचली ती एकच, घानामधील कार्यालयातली. तीही तेथील वीज गेली होती म्हणून! एवढ्या बलाढ्य कंपनीला तारले ते दूरदृष्टीने नव्हे, तर वीजकपातीने.

मग शिक्षकाच्या गुणतक्त्यांचे, कारकुनाच्या पगारपत्रकांचे, विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे काय? आपल्या संगणकात चोरण्याजोगे आहे तरी काय, असे सामान्य माणूस म्हणतो. परंतु खंडणीखोर विषाणूला चोरीच करायची असते असे नाही. तो धनाचीच कागदपत्रे धन्यासाठी कुलूपबंद करतो. खंडणी भरूनही ती परत मिळतील याची शाश्वती नाही; नॉटपेट्याच्या बाबतीत तर ती सोय मुळातच नव्हती. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांत धुमाकूळ घातला, तेव्हा त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ती बसविण्याचा आळस अनेकांना भोवला.

उपाय अवघड नाहीत. सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्याव्यात. आठवड्यातून एकदा कामाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि लगेच तिची तार काढून ठेवावी; अधूनमधून ती प्रत उघडते की नाही हेही पाहावे. संसर्गाची शंका येताच संगणक इंटरनेटपासून तोडावा, आणि जपलेली डिस्क त्याला मुळीच जोडू नये. संगणक पुरता स्वच्छ होईपर्यंत पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून सफाईची विनामूल्य साधने उपलब्ध करून दिली. ती सामान्य माणसापर्यंत पोचविणे हेही शासनाचेच काम आहे.

तथापि सारा भार एकट्या वापरणाऱ्यावर टाकणे न्यायाचे नाही. संगणक खरेदीचे समारंभ करणाऱ्या संस्थांनी प्रतीची डिस्क आणि ती जपणारा जबाबदार माणूस यांचीही तरतूद केली पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय येथे परवडणारी नाही. घानातील वीज दर वेळी वेळेवर जाईल, असे थोडेच आहे?