क्लार्कची चाळणी

आर्थर सी. क्लार्कची 'द साँग्ज ऑफ डिस्टंट अर्थ' (१९८६) म्हणजे विज्ञानकथाप्रेमींच्या देव्हाऱ्यातलं पुस्तक. तिला नावं ठेवली की लोक दुखावतात. दुखावोत बापडे.

गोष्ट थोडक्यात अशी. सूर्याचा स्फोट होणार हे कळल्यावर माणूस दूरच्या ग्रहांवर बीजनौका पाठवतो. त्यातल्या एकीतून थॅलसा नावाच्या समुद्री ग्रहावर, तीन बेटांवर वस्ती उभी राहते. शेकडो वर्षांनी पृथ्वीवरून निघालेलं 'मॅगेलन' हे जहाज बर्फाची ढाल नव्याने बांधायला तिथे थांबतं. समुद्र, प्रेम, निरोप... सगळं सुरेख.

पण मध्येच क्लार्क सहज सांगून जातो, की या वसाहतींना दिलेलं ग्रंथभांडार आधी चाळून घेतलं होतं. वेद, बायबल, त्रिपिटक, कुराण आणि त्यांच्या आधारावर उभं राहिलेलं सगळं वाङ्मय बाद! का, तर कोऱ्या ग्रहाला जुन्या द्वेषाची लागण नको.

मी काही देवळात जाणारा माणूस नाही. धर्मापायी काय काय झालंय ते बघता क्लार्कचा वैताग कळतो. पण नावातच 'गाणी' असलेल्या कादंबरीने हे करावं? हीच चाळणी आपल्याकडे लावून बघा. ज्ञानेश्वरी आणि तुकोबा गेले, हे उघडच. मग भीमसेनांची अभंगवाणी कुठे राहिली? धृपदाचं काय? आणि कितीतरी बंदिशींत कृष्ण वाट अडवून उभा आहे, त्याला कुठे ढकलणार? शब्द काढून नुसते सूर ठेवू म्हणाल, तर ते सूर कुणासाठी लागले होते हे थॅलसाच्या पोरांना कोण सांगणार?

गंमत म्हणजे अंतराळात गाणी पाठवायचं काम खरोखर झालेलं आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर ज्या सोनेरी तबकड्या गेल्या, त्यांच्या निवड समितीचे प्रमुख कार्ल सेगन. (मॅगेलन निघालंय त्या ग्रहाचं नाव 'सेगन टू'. क्लार्कने दिलेलं!) सेगनही देवभोळे नव्हेत. तरी त्या तबकडीवर नावाहो लोकांच्या उपचारविधीतला मंत्र आहे. आपल्या केरीच्या केसरबाईंची भैरवी आहे. आणि ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७ सालचं ध्वनिमुद्रण आहे. हा आंधळा माणूस रस्त्यावर गिटार वाजवत देवाची गाणी गायचा. इथे तो नुसता हुंकारतो, शब्द एकही नाही. पण ज्या जुन्या भजनावरून ते आलं, ते ख्रिस्ताच्या वेदनेच्या रात्रीचं. चाळा आता!

बरं, क्लार्कला स्वतःला तरी हे जमलं का? शेवटी निरोपाच्या मैफलीत पृथ्वीकर थॅलसाच्या लोकांना काय ऐकवतात? बुडालेल्या अटलांटिसवरचा विलाप. प्लेटोने सांगितलेल्या गोष्टीत अटलांटिस हे पोसायडन देवाच्या वाट्याला आलेलं बेट, आणि त्याला शिक्षा द्यायला झ्यूस सगळ्या देवांची सभा भरवतो. हे कुठल्या भोकातून निसटलं, क्लार्कसाहेब?