बक्षिसाची वाट बघू नका, आधी माणसं जोडा



धंदा सुरू करायचाय म्हटलं की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, भांडवल कुठून आणू?" आणि लगेच दुसरा, "एखादी स्कीम, एखादी स्पर्धा आहे का?" यावर माझं मत आज स्पष्ट सांगतो. त्यासाठी आधार घेतोय एका लहान मुलांच्या पुस्तकाचा. हसू नका! भांडवलाबद्दल इतकं सरळ मला बीबीएच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

पुस्तकाचं नाव 'फ्रंट डेस्क', लेखिका केली यांग, साल 2018. गोष्ट 1993 सालची. दहा वर्षांच्या मियाचे आईवडील चीनमधून अमेरिकेत आलेत आणि कॅलिफोर्नियात दुसऱ्याच्या मालकीचं एक छोटं मोटेल चालवतात. मोटेल म्हणजे आपल्या भाषेत हायवेवरचं लॉज. ते दोघं खोल्या साफ करतात, मिया काउंटर सांभाळते. मालक असा, की ठरलेला मोबदला मागाहून कमी करतो. मियाला व्हायचंय लेखिका. आई म्हणते, गणिताकडे लक्ष दे. ओळखीचं वाटतंय ना? केली यांग स्वतः लहानपणी आईवडिलांबरोबर मोटेलमध्ये राबली आहे, म्हणून काउंटरवरचं सगळं अगदी खरं उतरलंय.

मियाला एका स्पर्धेची माहिती मिळते. निबंध लिहा, 300 डॉलर फी भरा, जिंकलात तर एक अख्खं मोटेल तुमचं. पोरगी जीव ओतून लिहिते. आणि हरते.

पुढे त्यांचंच मोटेल विकायला निघतं. (हो, शेवट सांगतोय, तरी वाचाच.) तेव्हा पैसा येतो तो थोडा थोडा, अनेकांकडून. कारण काय? आईवडिलांनी मालकाच्या नकळत अडलेल्या लोकांना रिकाम्या खोल्यांत फुकट झोपू दिलेलं असतं. मियाने अडचणीतल्या माणसांसाठी पत्रं लिहिलेली असतात. आईला बिनकामाचं वाटलेलं तिचं लिखाणच माणसं जोडून देतं.

माझं मत इथेच आहे. स्पर्धेत जरूर उतरा, सरकारी योजनेचा अर्ज जरूर करा. पण त्याच्या निकालावर धंद्याची तारीख ठरवू नका. निकाल दुसऱ्याच्या हातात असतो. गिऱ्हाईकाला नावाने हाक मारणं, शब्द दिला त्या दिवशी माल पोचवणं, उधारी वेळेत फेडणं, हे तुमच्या हातात आहे. आपल्याकडची भिशी बघा. कुठलं तारण असतं तिथे? पुढचा हप्ता हा माणूस भरेल, एवढ्या भरवशावर ती चालते.

पण एक गोष्ट कान उघडे ठेवून ऐका. विश्वासाचा पैसा म्हणजे बिनकागदाचा पैसा नव्हे. कुणाचे किती, उसने की भागीदारी, तोटा झाला तर काय, हे सख्ख्या मामाशीसुद्धा लिहून घ्या. आणि ओळखी आहेत म्हणून दहा जणांकडून "ठेव" गोळा करू नका. 2019 च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आहे आणि त्यात तुरुंगवासाची शिक्षा आहे. पैसे घ्यायच्या आधी सीएला विचारा, नंतर नाही.

आणि घरात मिया असेल तर? शाळा, अभ्यास सांभाळून तिला तासभर काउंटरवर बसू द्या. चित्र काढत असेल तर दुकानाची पाटी तिला रंगवू द्या. स्वप्न आणि दुकान ही एकमेकांची सवत नाही.

आजचं काम: वही घ्या. तुमच्या शब्दावर पैसे देतील अशा दहा जणांची नावं लिहा. दहा भरली नाहीत, तर बिझनेस प्लॅन बाजूला ठेवा. आधी ती यादी भरायला लागा.