खरेदीखत झाले, किल्लीचे काय?

घर विकले, किंमत मोजून घेतली, उपनिबंधकासमोर सह्या केल्या. आणि तरीही विकणारा त्याच घरात पूर्ववत नांदतो आहे, हा प्रकार गोव्याला नवा नाही. ‘एवढी चतुर्थी होऊ द्या’, ‘मुलीचे लग्न उरकू द्या’, ‘नव्या जागेचे रंगकाम संपत आले आहे’ अशा सबबींवर महिने लोटतात. आरंभी खरेदीदारही भिडेपोटी गप्प राहतो. वर्ष उलटले की सबबींची भाषा पालटते आणि ‘जा कोर्टात’ असे रोकठोक उत्तर कानी पडते. मग एका बाजूला बँकेच्या कर्जाचा हप्ता आणि दुसऱ्या बाजूला बिऱ्हाडाच्या खोलीचे भाडे अशा कात्रीत घराचा कायदेशीर मालक सापडतो. ज्या घराची घरपट्टी तो भरतो त्या घराच्या ओसरीवर बसण्याचीही त्याला सोय नसते. हा प्रश्न दोन व्यक्तींमधील खाजगी कुरबुर म्हणून सोडून देण्याइतका किरकोळ नाही, असे आम्हांस वाटते.

विकणाऱ्याचे मन समजून घेतले पाहिजे, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. जिथे पिढ्यानपिढ्या देव्हाऱ्यापुढे दिवा लागला, अंगणातल्या तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा झाल्या, चतुर्थीला माटोळी बांधण्यासाठी मुंबई-पुण्याचे भाऊबंद एकत्र जमले, ती वास्तू एका सहीने परकी होत नाही. पुष्कळदा विक्री हौसेने झालेलीच नसते. आजारपण, कर्ज किंवा भावाभावांतील वाटणी हे तिचे कारण असते. हाती आलेली रक्कम देणी भागविण्यातच संपते आणि वाढलेल्या भावांत दुसरे घर परवडेनासे होते. मालकी गेली तरी मालकपणाची जाणीव जात नाही. सुंभ जळाला तरी पीळ उरतो तो असा. परंतु सहानुभूतीलाही मर्यादा असते. समोरचा खरेदीदार प्रत्येक वेळी दिल्ली-मुंबईचा धनिक नसतो. जहाजावर वा आखातात उमेदीची वर्षे घालविलेला नोकरदार, भविष्यनिर्वाह निधीची सर्व रक्कम ओतणारा निवृत्त शिक्षक, अशांची आयुष्याची पुंजी त्या उंबरठ्यावर अडकून पडते. एकाच्या अडचणीचा भार दुसऱ्याने बेमुदत वाहावा, असे कोणतेही नीतिशास्त्र सांगत नाही.

कायद्याची भूमिका याबाबत संदिग्ध नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या (१८८२) कलम ५५ प्रमाणे, विरुद्ध करार नसल्यास, खरेदीदाराने मागणी करताच मालमत्तेचा तिच्या स्वरूपानुसार शक्य तो ताबा देणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. मालकी खरेदीदाराकडे गेल्यावर घराचे नुकसान झाले तर ते त्याचे आणि सरकारी करही त्यानेच भरावयाचे, असेही तेच कलम सांगते. म्हणजे खरेदीखतानंतर छप्पर कोसळले तर झळ नव्या मालकाला. त्या छपराखालचा निवारा मात्र जुन्या मालकाला! ही विसंगती कायद्याने निर्माण केलेली नाही. ती आमच्या व्यवहाराच्या ढिलाईतून उद्भवलेली आहे.

या ढिलाईचे मूळ आमच्या मते खरेदीखतातील एकाच वाक्यात सापडते. ‘मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा आज रोजी खरेदीदारास दिला आहे’ हे ते वाक्य. दस्त लिहिणाऱ्याच्या मसुद्यात ते ठरलेले असते. ताबा दिलेला नाही, हे विकणारा जाणतो, घेणारा जाणतो, साक्षीदार जाणतात आणि कित्येकदा वकीलही जाणतात; तरीही सर्वांच्या साक्षीने ते असत्य नोंदविले जाते. उपनिबंधक दस्त नोंदवितो. घरात कोण राहते हे पाहणे त्याचे काम नव्हे. पुढे तंटा उभा राहिला की हेच वाक्य खरेदीदारावर उलटते. ‘ताबा दिला होता, नंतर त्यांनीच मला भाडेकरू म्हणून ठेवले’ असा पवित्रा विकणारा घेऊ शकतो. मधल्या काळात भिडेखातर दरमहा काही रक्कम स्वीकारली असेल आणि तिची पावती दिली असेल, तर या पवित्र्याला बळच मिळते. गोव्यात इमारत भाडे नियंत्रणाचा १९६८ चा कायदा भाडेकरूला संरक्षण देतो, आणि एकदा वाद त्या वळणावर गेला की साध्या ताब्याच्या दाव्याची गुंतागुंत वाढत जाते.

अशा वेळी संतापलेल्या खरेदीदाराला आडमार्ग सुचविणारे सल्लागार भेटतात. वीज तोडा, पाणी बंद करा, कुलूप फोडा, चार माणसे पाठवा! हा सल्ला नुसता असभ्य नव्हे, तर आत्मघातकी आहे. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (१९६३) कलम ६ नुसार, ज्याला योग्य कायदेशीर मार्गाखेरीज घराबाहेर काढले त्याने सहा महिन्यांच्या आत दावा केला, तर मालकी कोणाची हा प्रश्न बाजूला ठेवून न्यायालय त्याला ताबा परत देऊ शकते. खरा मालक अशा रीतीने आपल्याच घराबाहेर फेकला जाऊ शकतो, आणि दंडेलीबद्दल फौजदारी खटला पाठीशी लागतो तो वेगळाच.

मग राहतो तो दिवाणी न्यायालयाचा मार्ग. लेखी नोटीस, मालकीच्या आधारे ताब्याचा दावा आणि बेकायदा वापराबद्दल भरपाईची मागणी, असा त्याचा क्रम आहे. मुदतीच्या कायद्याने अशा दाव्यास बारा वर्षांची मुदत दिली आहे. परंतु मुदत आहे म्हणून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नव्हे. गोव्यातूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका घराच्या खटल्यात २०१२ साली महत्त्वाची तत्त्वे मांडली गेली. मालकाच्या मेहेरबानीने राहणाऱ्यास कितीही वर्षे लोटली तरी त्या वास्तूत हक्क निर्माण होत नाही. आणि हक्क सांगणाऱ्याने तो कोणाकडून, केव्हा व कसा मिळाला याचा तपशीलवार खुलासा केला पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. खरेदीदाराच्या हाती हे मोठे शस्त्र आहे.

तथापि हुकूमनामा मिळणे म्हणजे किल्ली मिळणे नव्हे. हुकूमनाम्यानंतर दरखास्त दाखल करावी लागते, बेलीफ यावा लागतो आणि नेमक्या त्याच वेळी एखादा पुतण्या वा मेहुणा ‘माझा स्वतंत्र हक्क आहे’ म्हणत दारात उभा राहतो. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आणि २०२५ मध्ये पुन्हा बजावले. त्याच वर्षी देशभरात अशा आठ लाखांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचे त्या न्यायालयापुढे आले. जिंकलेल्या पक्षकारालाही वर्षानुवर्षे तिष्ठावे लागते, हे विकणाऱ्यास पक्के ठाऊक असते. ‘जा कोर्टात’ या उद्दामपणाचे बळ तिथेच आहे. न्यायदानाच्या या शेवटच्या पायरीवर पुरेसे मनुष्यबळ देणे, हे शासनाचे आणि न्यायव्यवस्थेचे कर्तव्य होय.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. घरात राहणारा प्रत्येक माणूस हटवादी विक्रेता नसतो. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसल्यास, पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते; एकाच्या संमतीविना दुसऱ्यास स्थावर विकता येत नाही. एकत्र कुटुंबाच्या घरातील काही वारसांचाच हिस्सा विकत घेणाऱ्या परक्यास त्या घरात इतरांबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही; त्याने वाटणीच मागावी, असे हस्तांतरण कायद्याचे कलम ४४ सांगते. मुंडकाराला तर १९७५ च्या कायद्याने घरातून काढले जाण्यापासून संरक्षण दिले आहे, आणि भाटकार बदलला म्हणून ते नष्ट होत नाही. या मंडळींनी घर सोडले नाही तर त्यांना दोष देता येणार नाही. स्वस्त मिळते म्हणून डोळे झाकून घेणाऱ्याने तो दोष स्वतःकडे घ्यावा.

तेव्हा उपाय खरेदीखताच्या आधीच योजावयास हवा. घर पाहावयास जाताना भिंती आणि छप्पर यांच्याबरोबर माणसेही पाहावीत. कोण राहतो, कोणत्या नात्याने राहतो, त्याची सही होणार आहे काय, हे विचारण्यात संकोच नको. शक्यतो घर रिकामे झाल्यावरच दस्त करावा आणि शेवटची रक्कम व किल्ली यांची अदलाबदल एकाच बैठकीत व्हावी. बँक कर्जाची रक्कम दस्ताच्या दिवशीच देणार असेल तर ही दक्षता अधिकच आवश्यक ठरते. सवलत द्यावयाचीच असेल तर ती लेखी असावी. घर सोडण्याची निश्चित तारीख, तोपर्यंतचा वापर केवळ परवानगीचा आहे याची कबुली, मुदत उलटल्यास दर दिवसाची वाजवी भरपाई आणि ताबा मिळेपर्यंत राखून ठेवलेली काही रक्कम, एवढे चार मुद्दे त्यात असावेत. राखून ठेवलेल्या रकमेने विकणाऱ्यावर अन्याय होत नाही. न मिळालेल्या किमतीपुरता त्याचा बोजा त्या मिळकतीवर राहतो, अशी तरतूद त्याच कलम ५५ मध्ये आहे. आणि ताबा दिला नसेल तर ‘ताबा दिला’ असे लिहू नये!

जिथे पेच आधीच पडला आहे तिथे दाव्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न अवश्य करावा. विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते. विकणारा खरोखर निराधार असेल तर दोन-चार महिन्यांची ठरावीक मुदत देऊनही खरेदीदाराचे काही बिघडत नाही. मात्र त्या मुदतीला तारीख हवी, आणि ती कागदावर हवी. गोव्यात शब्दाला मान होता, खरेदीखताशिवायही घरे-बागायती हातबदल होत, असे वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगतात. तो मान राखण्याची जबाबदारी विकणाऱ्यावरच अधिक आहे. पैसे घेतल्यावर त्या घराच्या चौकटीवर त्याचा हक्क उरत नाही. तिथून देव उचलून सन्मानाने बाहेर पडणे एवढेच त्याच्या हाती उरते, आणि बेलीफ दारात येण्यापूर्वी त्याने ते करावे.