सीएनसी मशीन घरी बनवायचं की विकत घ्यायचं? नंदुरबारमध्ये हिशेब थोडा वेगळा आहे

मोबाइलवर एक मशीन फळीवर झरझर नक्षी कोरताना दिसतं. शहादा, तळोद्याच्या सुतारकाम करणाऱ्या तरुणाला वाटतं, आपणही घ्यावं. पुढच्याच व्हिडिओत कुणीतरी तसंच मशीन घरी बनवून दाखवतो. मग घ्यायचं की बनवायचं? सोप्या भाषेत समजून घेऊया.

सीएनसी राउटर म्हणजे काय?

संगणकावर काढलेल्या नक्षीप्रमाणे कटर तीन दिशांना फिरवणारं यंत्र. फ्रेम, स्टेपर मोटर, स्क्रू, स्पिंडल आणि कंट्रोलर बोर्ड, एवढे त्याचे मुख्य भाग. छोट्या मशीनमध्ये चालणारं ‘जीआरबीएल’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यामुळे घरी बनवणं अशक्य नाही.

बनवलं तर स्वस्त पडतं का?

बहुतेकदा नाही. सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून मागवावे लागतात. एखादा चुकीचा आला की आठवडा गेला. वेल्डिंग करताना लोखंड ताणलं जातं आणि फ्रेम गुण्यात बसली नाही, तर गोल नक्षी लंबगोल येते. बनवण्यात शिकायला भरपूर मिळतं. पण महिनाअखेर हप्ता भरायचा असेल, तर शिकण्याचा वेळही खर्चात धरा.

विकत घेतलं तर?

‘३०१८’ हे छोटं मशीन लोकप्रिय आहे. नावातच माप आहे: ३० बाय १८ सेंटिमीटर. त्यावर नेमप्लेट, छोटी फ्रेम, देवघराची जाळी होईल; दरवाजा होणार नाही. दरवाजाच्या मापाचं तयार मशीन लाखांत जातं. बिट, क्लॅम्प, भुसा ओढण्याची सोय आणि संगणक यांचा खर्च वेगळा.

नंदुरबारचा प्रश्न काय?

पहिला प्रश्न विजेचा. अर्ध्या नक्षीत लाईट गेली, की साध्या मशीनला आपण कुठे होतो हे आठवत नाही. फळी वाया जाते. म्हणून होमिंग स्विच आणि शक्य तर बॅकअप हवाच.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. धडगाव किंवा अक्कलकुव्यात मशीन बंद पडलं आणि दुरुस्तीवाला बाहेरगावाहून यायचा असेल, तर तोवर ऑर्डर थांबते, हप्ता थांबत नाही.

पैसा कुठून?

केंद्राच्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेत सुतारकामाचा समावेश आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज मिळतं. हे कर्ज १८ महिन्यांत फेडायचं असतं. म्हणजे दीड वर्षात मशीनने स्वतःचा हप्ता कमवायला हवा.

मग करायचं काय?

आमचं मत स्पष्ट आहे: छोटं किट विकत घ्या, पण जोडणी स्वतः करा. प्रत्येक वायर कुठे जाते हे माहीत असलेला माणूसच उद्या ते दुरुस्त करेल. हे खेड्यात जमत नाही, असं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हीच तिथली पद्धत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅबही उभी राहिली.

मोठ्या मशीनसाठी मात्र घाई नको. आधी ऑर्डर मिळवा, मोठ्या शहरातल्या मशीनवर जॉबवर्क करून घ्या. सलग काही महिने काम येत राहिलं, तरच कर्जाचा अर्ज भरा. ऑर्डर नसताना घेतलेलं मशीन काय किंवा बनवलेलं काय, दोन्ही भुशाखालीच जातात.