सत्कार पुरे, आता तलावाचं दार उघडा



सशस्त्र सेना ध्वज दिनाला, ७ डिसेंबरला, आपण छातीवर ध्वज लावतो, डब्यात नोट टाकतो. ते चालू राहू द्या. पण आजचं मागणं वेगळं आहे आणि त्याला ध्वज दिनापर्यंत थांबायची सवड नाही.

नागालँडचे हवालदार होकाटो सेमा यांचा डावा पाय २००२ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये भूसुरुंगाच्या स्फोटात गेला. गोळाफेक त्यांच्या हाती आली २०१६ मध्ये, पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात एका अधिकाऱ्याने त्यांना हेरल्यावर. २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये १४.६५ मीटरची फेक आणि कांस्यपदक! टाळ्या आपण मनापासून वाजवल्या. मधल्या चौदा वर्षांचं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मणक्याला इजा झालेल्या जवानाला तर इतकी वर्षं परवडतच नाहीत. कमरेखाली संवेदना नसते, बसून बसून कातडी दबली तरी त्याला कळत नाही. म्हणून व्हीलचेअरवर हात रोवून दर थोड्या वेळाने अंग वर उचलायचं, दिवसभर, जन्मभर. त्यात हयगय झाली की जखम होते आणि ती हाडापर्यंत पोचू शकते. त्यासाठी खांद्यात ताकद हवी. पोहणं, व्हीलचेअर बास्केटबॉल, बसून केलेली फेक ही त्याच्यासाठी हौस नाही, उपचारच आहे. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून अशा जवानांना सांभाळतं आहे. पण जो सातारा-सांगलीकडे आपल्या गावी परतला, त्याला जवळचा तलाव आत घेतो का?

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाले, पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकले. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. (म्हणजे सत्कारातही आपली घाई बेताचीच.)

तलाव, व्यायामशाळा, क्रीडासंकुल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी याच आठवड्यात टेप घेऊन स्वच्छतागृहाचं दार मोजावं. व्हीलचेअर बहुधा तिथेच अडते. पायऱ्यांशेजारी रॅम्प करा, पाण्यात उतरायला आधाराचा कठडा बसवा. पोहण्याचे प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांनी आठवड्यातले दोन तास द्यावेत. बसून फेक करणाऱ्याला जमिनीशी पट्ट्यांनी आवळलेली खुर्ची लागते. फॅब्रिकेशनवाल्यांनो, ती तुम्ही करून द्या, पण माप त्या खेळाडूच्या अंगाचंच घ्या. ज्यांना पैसे द्यायचे आहेत त्यांनी खडकीच्या केंद्राला किंवा ध्वजनिधीला द्यावेत, रीतसर पावती घेऊन.

आणि दार रुंद झालं की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लेखी कळवा: तलाव कुठला, वेळ कुठली, मदतीला कोण हजर असेल आणि फोन कुणाला करायचा.